घरात माणसं किती?

मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं ते आकड्यांवर जीव होता म्हणून नाही. त्या विषयात तोंड फार उघडावं लागणार नाही असं मला वाटलं, म्हणून घेतलं. आता मी स्वतः एका कॉलेजात तासिकेवर हाच विषय शिकवते. पोरं विचारतात, "मॅडम, तुम्हाला हाच विषय का आवडला?" तेव्हा मी काहीतरी भारदस्त ठोकून देते. खरं कारण सांगायची लाज वाटते. या कारणापायी पुढं जे झालं, त्याची तर त्याहून जास्त.

बारावीच्या सुट्टीत मी पुण्याला एका शिबिराला गेले होते. पहिल्याच दिवशी ताटावर बसल्यावर मी वाढणाऱ्या मुलीला म्हटलं, "मले भात नको." बस, एवढंच. पुढचे चार दिवस माझं नाव 'मले' पडलं. "ए मले, बादली दे." "मले आली का?" पोरी वाईट नव्हत्या. एकीनं तर निघताना स्वतःची नवी ओढणी मला दिली. पण मी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून बसले आणि मलकापूर येईपर्यंत ठरवून टाकलं की आता घराबाहेर 'मला', 'तुला', 'जात आहे', 'येत आहे'. घरी आल्यावर आईला म्हटलं, "आई, मला पाणी दे ना." आई चुलीपुढून वळून म्हणाली, "आली व माय, पुण्याची बाई आली." भाऊ तर आठवडाभर माझ्यामागं 'ना, ना' करत फिरला. मी ऐकलं नाही. जिद्द अशी की झोपेतसुद्धा शुद्ध बोलत असेन.

आमचं कॉलेज संग्रामपूरकडच्या खाऱ्या पट्ट्यात. मी शेजारच्या गावाहून एसटीनं यायची. पहिल्या वर्षाला आम्ही पंचवीस-तीस पोरंपोरी होतो. संख्याशास्त्राचे सर अकोल्याचे. खडूचे तुकडे शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्यामुळं खिसा कायम पांढरा. शिकवायचे मात्र जीव तोडून. मध्य, मध्यक, बहुलक, मग प्रमाण विचलन, आलेख, सगळं ते आमच्याच वस्तूंनी समजवायचे. वर्गातल्या सगळ्यांच्या चपलांचे नंबर घेऊन बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, काढायला लावला होता, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. मला सगळं पटापट यायचं. चाचणीत पैकीच्या पैकी. सर म्हणायचे, "हिचं डोकं स्वच्छ आहे." ते ऐकून मी आणखी नाक वर करून चालायची.

दुसऱ्या सत्रात सरांनी प्रत्यक्ष काम आणलं. कॉलेज ज्या गावात आहे तिथं त्याच वेळी पिण्याच्या पाण्याचं फिल्टर बसलं होतं. आमच्या भागात जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. हापशी मारा, बदाबदा येतं, पण त्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. पिण्यापुरतं गोडं पाणी गावात एका नळावर तिसऱ्या दिवशी यायचं आणि तिथं घागरींची रांग लागायची. आता तो नळ बंद होणार आणि फिल्टरमधून कार्डावर कॅन मिळणार होते. दोन माणसांमागं रोज एक कॅन, असा ठराव झाला होता. कोणत्या घरात किती जण, हे मात्र ग्रामपंचायतीला धड माहीत नव्हतं. रेशनच्या यादीत मेलेले अजून जिवंत होते आणि चार वर्षांपूर्वी आलेल्या सुना अजून माहेरीच होत्या. ग्रामसेवक सरांना म्हणाले, तुमची पोरं नाहीतरी सर्व्हे करतातच, आमचं गाव मोजून द्या.

सर खूश. पुस्तकातला नाही, खरा डेटा मिळणार. त्यांनी फॉर्म मुद्दाम छोटा ठेवला. लांब फॉर्म असला की लोक कंटाळतात आणि काहीही सांगतात, असं त्यांचं म्हणणं. कुटुंबप्रमुखाचं नाव, कुटुंबातील एकूण व्यक्ती, सध्या पिण्याचं पाणी कुठून आणता. झालं. एकेकाला एकेक गल्ली दिली. मला मारुतीच्या पारामागची गल्ली आली, एक्केचाळीस घरांची. सरांनी बजावलं, "फॉर्म वाचून दाखवू नका. व्यक्ती वगैरे शब्द कोणी बोलत नाही. आपल्या भाषेत विचारा."

आपल्या भाषेत. आता माझी भाषा कोणती, हे सरांना काय माहीत. मी पहिल्या दारात उभी राहिले, ओढणी नीट केली आणि अगदी आकाशवाणीच्या सुरात विचारलं, "नमस्कार. तुमच्या घरात माणसं किती आहेत?"

भर दुपार, मार्च संपत आलेला. पुरुष शेतात नाहीतर पारावर. दारात यायच्या त्या बायाच. कोणी भाकरीच्या हातानं, कोणी कडेवर लेकरू घेऊन. मी विचारलं की त्या जरा थांबायच्या, मनात मोजायच्या आणि सांगायच्या, "दोन." "तीन." "एकच." मी लिहून घ्यायची आणि पुढं सरकायची. एका घरी एक जाडजूड बाई होती, गव्हाची चाळणी हातात. तिनं मला उलट विचारलं, "नुसते माणसंच काय?" मी हसले. मला वाटलं बाई गंमत करते आहे. म्हटलं, "हो काकू, माणसंच. गाई-म्हशी नका सांगू." ती म्हणाली, "मंग चार." माझ्या विनोदावर मीच खूश होऊन पुढं गेले. त्या घरात आठ जण होते हे मला नंतर कळलं.

गल्लीच्या शेवटाला एक लहानसं घर होतं. दारापुढं मेथीचा आणि वांग्याचा वाफा, धुण्याचं पाणी सोडून जगवलेला. चाळिशीची एक बाई वांगी तोडत होती. मी तोच प्रश्न विचारला. ती उभी राहिली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "माणसं नाही जी आमच्या घरात."

"म्हणजे? एकही नाही?"

"नाही. कोणीच नाही."

दोरीवर एक नऊवारी आणि शाळेचा निळा ड्रेस वाळत होता. ते दोन्ही मी पाहिलं. पण साडेचारची एसटी होती, ऊन डोक्यात गेलं होतं, आणि माझ्या मनात आलं की ही बाई सरकारी माणूस समजून टाळते आहे. मी जरा तुटकच म्हटलं, "बरं, ठीक आहे," आणि शून्य लिहिलं. तिनं मला चार वांगी देऊ केली. मी "नको, पिशवी नाही" म्हणून निघाले. आणखी दोन घरी असंच उत्तर आलं होतं, तिथंही शून्यच लिहिलं होतं.

सोमवारी कॉलेजच्या संगणकावर सगळ्यांचे आकडे भरले. बाकीच्या गल्ल्यांची सरासरी पाचाच्या आसपास आली, माझ्या गल्लीची दोनच्या. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "तुझ्या गल्लीचं असं कसं गं? बरोबर विचारलंस ना?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, सर, उद्या परत जाऊन येते. तसं म्हटलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण 'हिचं डोकं स्वच्छ आहे' असं ज्यांनी म्हटलं त्यांच्यापुढं चूक कशी कबूल करायची? मी म्हटलं, "सर, तिकडे नवीन वेगळी निघालेली कुटुंबं आहेत. बऱ्याच जणांची मुलं शिकायला बाहेर आहेत." हे मी कुठून आणलं? कुठूनच नाही. जागच्या जागी बनवलं. सर मान हलवत म्हणाले, "बघा, याला म्हणतात डेटातून गोष्ट सापडणं." आणि पूर्ण वर्गाला माझा आलेख दाखवला.

शून्याच्या तीन घरांवर सर थांबले. "शून्य माणसांचं घर म्हणजे काय?" मी म्हटलं, "बंद घरं असतील, सर." 'असतील' म्हटलं. तिथं एक बाई माझ्याशी बोलली होती, वांगी देत होती, आणि मी 'बंद घरं असतील' म्हटलं. त्याच आठवड्यात सरांनी डेटा साफ कसा करायचा ते शिकवलं होतं. चुकीच्या, अशक्य नोंदी काढून टाकायच्या. मी तिन्ही ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या. एक बोट दाबायचं, त्याला किती वेळ लागतो? माझी यादी एकदम नीटनेटकी दिसायला लागली.

या सर्व्हेवर आम्ही पोस्टर केलं, त्याला कॉलेजात पहिला नंबर आला. माझ्या गल्लीचा आलेख मध्यभागी, लाल स्केचपेननं. ग्रामपंचायतीनं त्याची एक प्रत मागून घेतली आणि आमच्या यादीप्रमाणे कार्डं वाटली. नळ बंद झाला.

मे महिन्यात माझ्या मामाच्या मुलीचं लग्न मोताळ्याला होतं. दुपारी मांडवात जेवणं सुरू होती. एका काकाच्या हातात माईक आला होता आणि तो काही केल्या सोडत नव्हता. "माणसाइची पंगत बसून घ्या. बाया थांबा जरा. पयले माणसं, मंग बाया." मी मावशीशेजारी भिंतीला टेकून उभी होते, भूक लागली होती. काका परत ओरडला, "ए, ते माणसाइची पंगत हाय, बाई कोण बसली तिथं? उठा, माणसं होऊ द्या."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. 'माणसं'. आमच्याकडं माणसं म्हणजे पुरुष. बायांचा माणूस म्हणजे नवरा. हा शब्द मी जन्मापासून ऐकला, माझी आई रोज संध्याकाळी म्हणते, माणसं जेवले का? मी स्वतः म्हणते. फक्त त्या गल्लीत उभी राहताना मी पुण्याच्या पोरीचा शब्द बोलले आणि त्या बायांनी तो आपल्या शब्दासारखा ऐकला. 'नुसते माणसंच काय?' ती बाई विचारत होती की पुरुषच मोजायचे का. आणि मी तिला गाई-म्हशी सांगितल्या. मावशी म्हणाली, "काय झालं व? पांढरी काऊन पडली?" मी म्हटलं, ऊन लागलं.

आता कोणीही म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं असशील. नाही सांगितलं. परीक्षेचा निकाल यायचा होता. पोस्टरला बक्षीस मिळालं होतं. सरांनी माझ्या आलेखावर चार लोकांपुढं भाषण केलं होतं. आणि मनात एक लबाड विचार सारखा येत होता की लोकांनी स्वतः जाऊन कार्ड दुरुस्त करून घेतलंच असेल, एवढं काय. मला ते फार सोयीचं वाटलं आणि मी त्यालाच धरून बसले.

जूनमध्ये निकाल घ्यायला कॉलेजात गेले तेव्हा पाय आपोआप फिल्टरच्या खोलीकडं वळले. कार्ड लावलं की कॅन भरतो, तिथं एक मशीनवाला स्टुलावर बसलेला. तेवढ्यात निळ्या ड्रेसमधली एक पोरगी, नववी-दहावीची, रिकामा कॅन घेऊन फिल्टरसमोरून सरळ पुढं निघून गेली. नाल्यापलीकडं एका शेतात गोड्या पाण्याची विहीर आहे, त्या वाटेनं. मी मशीनवाल्याला विचारलं, "ती इथं का घेत नाही?"

"त्याइचं कार्ड नाही ना," तो म्हणाला. "बुडी आजी आहे पोरीची घरात, मुतखड्याचा तरास आहे तिले. डॉक्टरनं गोडंच पाणी पाजाले सांगतलं. नळ बंद झाला तसं पोरगी शाळेआधी विहिरीवर जाते."

"कार्ड काऊन नाही?" माझ्या तोंडून 'काऊन' निघून गेलं.

"यादीत घरच नाही त्याइचं. त्याइची गल्ली कॉलेजच्या पोरीनं मोजली म्हणे. तिलेच विचारा, कसं मोजलं तं."

तो माझ्याशीच बोलत होता आणि त्याला माहीत नव्हतं. मी "अस्सं" म्हटलं. नुसतं 'अस्सं'. आणि स्टँडवर येऊन बसले. मला पहिला वर्ग मिळाला होता. निकालाचा कागद मी चार घड्या घालून पर्सच्या तळाशी ठेवला. घरी आई पेढे आणायला निघाली तर तिच्यावर खेकसले, "राहू दे ना, कायले तमाशा." आई बिचारीनं पिशवी परत खुंटीला अडकवली. आपला राग आपल्यावर काढता येत नाही म्हणून तो मी तिच्यावर काढला, हे मला तेव्हाही कळत होतं.

जुलै गेला. मी रोज एसटीनं त्या गावात उतरायची आणि पाराकडं न पाहता कॉलेजात शिरायची. दोनदा सरांच्या खोलीपर्यंत गेले, एकदा हजेरीचं विचारून परत आले, एकदा खडू मागून. खडू का मागितला, देव जाणे. पोरगी मात्र रोज विहिरीवर जात होती. पाऊस लागल्यावर नाल्याला पाणी आलं असेल, तेव्हा कुठून जात असेल, हे मी मनातल्या मनात विचारायची आणि तिथंच सोडून द्यायची.

शेवटी कबूल केलं तेही काही मोठ्या धैर्यानं नाही. सरांनी नव्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मला बोलावलं. "हिनं मागच्या वर्षी उत्तम सर्व्हे केला. डेटा कसा गोळा करायचा, ते हिच्याकडून ऐका." फळ्याशेजारी तेच पोस्टर टांगलेलं. मी खडू हातात घेतला. समोर पोरंपोरी वह्या उघडून बसलेली. सर म्हणाले, "सुरुवात कर, तू दारात उभी राहिल्यावर काय विचारलंस ते सांग."

मी तोंड उघडलं. जे निघालं ते तीन महिने आत कोंबलेलं, आणि निघालं ते घरच्या बोलीतच. "सर, म्या चुकीचं विचारलं. म्या माणसं किती म्हणून विचारलं. त्याइनं माणसंच सांगतले. बाया कोणी मोजल्याच नाही. ते शून्यवाले घर बंद नव्हते, सर. तिथं बाया राह्यतात. मले माहीत होतं. म्या यादीतल्या वळी काढून टाकल्या."

कोणी हसलं नाही. तोच तर घोर होता. हसले असते तर बरं वाटलं असतं. मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडं पाहून वहीत काहीतरी लिहायला लागल्या. सर खुर्चीत बसले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मे महिन्यापासून."

त्यांनी हजेरीबुक बंद केलं. "आज कोणती तारीख आहे?" तारीख त्यांना नकोच होती. ते रागावले असते, कान उपटले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते फक्त म्हणाले, "मीही थांबायला पाहिजे होतं त्या शून्यापाशी," आणि माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला. माझ्या खोटेपणाची शिक्षा सरांनी स्वतःला लावून घेतली, ते पाहून मला जमिनीत जावंसं वाटलं.

तासभरात आम्ही ग्रामपंचायतीत होतो. ग्रामसेवक फार बोलले नाहीत. नवा कोरा फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "गल्ली परत मोजून आणा. आजच्या आज. उद्या कार्डं काढतो." सर सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांच्यामागं लपून जायचं नव्हतं, एवढी तरी अक्कल उरली होती.

त्या दिवशी पहिल्या दारात उभी राहून मी विचारलं, "काकू, तुमच्या घरी बाया, माणसं, लेकरं, सगळे मिळून किती जण?" नमस्कार नाही, 'आहेत' नाही. बाई म्हणाली, "सात." मागच्या फॉर्मवर दोन होते. पुढच्या घरी सहा. चाळणीवालीच्या घरी आठ, मागं चार. ती बाई मला ओळखून होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच ना ते? गाई-म्हशीवाली?" मी हो म्हटलं. "दोन कॅन भागवले आम्ही आठ जणाइनं. उन्हाळाभर. तुले येवढं बी समजलं नाही? तू का विलायतेतून आली होती?" ती आणखी बोलली आणि मी बोलू दिलं. मग तिनंच आतून पाणी आणून दिलं. तिच्या वाट्याचं होतं ते.

एक म्हातारा पारावरून ओरडला, "हे पाह्य, मास्तरीण आली, आता बायाइले बी माणसात घेतलं म्हणते सरकारनं." पारावरचे सगळे हसले. मला उत्तर देता आलं असतं, आमच्याकडं पोरींना तोंड नसतं असं नाही. पण त्या दिवशी कोणाला उलट बोलायचा अधिकार मी गमावून बसले होते.

गल्लीच्या टोकाचं घर मी शेवटी ठेवलं होतं. मुद्दाम. चाळीस दारं फिरून आल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं, झाली उलट जास्त. दार उघडं होतं. बाई उंबऱ्याशी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती, दुसऱ्या दिवशी वरवट बकालच्या बाजारात न्यायला. उन्हानं आणखी काळवंडली होती. मला पाहून उठली, खाट ओढून दिली. मी बसले नाही.

"काकू, मी मार्चात आली होती. मोजाले."

"हाव, याद आहे ना. तुह्याजवळ पिशवी नव्हती."

मला रडू आलं. ते दाबून मी सगळं सांगितलं. शब्द कसा चुकला, मी शून्य कसं लिहिलं, मग नाव काढून कसं टाकलं, मेपासून माहीत असून गप्प कशी राहिले. तिनं जुडीची गाठ मारेपर्यंत ऐकलं. मी विचारलं, "तुमी ग्रामपंचायतीत काऊन नाही गेल्या?"

"गेली होती एक डाव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. "तिथल्या पोरानं यादी पाह्यली. म्हणे तुमच्या घरी कोणी राह्यत नाही असं आहे. म्या म्हटलं, असन. शिकेल पोरीनं लिह्यलं, तं खोटं कायले लिहीन? माह्यावाला माणूस गेल्यावर असे लय कागद पाह्यले म्या. माणूस नसला का घर धरतच नाही कोणी. मले वाटलं, पाण्याचं बी तसंच असन."

मी म्हटलं, "माफ करा, काकू." तिनं जुडी टोपलीत ठेवली आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडं पाहिलं.

"आता काय विचाराले आली?"

"घरात किती जण, ते."

"पयले तू सांग. कोणाले मोजून राह्यले तुमी? मंग मी सांगतो."

"सगळ्याइले."

"बायाइले बी?"

"हाव. बायाइले बी."

ती माझ्याकडं पाहत राहिली, खरंच म्हणते की काय ते तपासत असल्यासारखी. मग घरात तोंड करून तिनं जरा मोठ्यानं हाक मारली, सासूला कमी ऐकू येत होतं म्हणून. "आत्याबाई, बाहीर या वं. तुमाले मोजाले आले."

आत भांडं बाजूला सरकवल्याचा आवाज झाला. म्हातारी भिंत धरत धरत आली. उंबऱ्याशी थांबून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, कमरेत वाकलेली होती तेवढी सरळ करायचा प्रयत्न केला, आणि माझ्यासमोर दोन्ही हात खाली सोडून मोजून घ्यायला उभी राहिली.